वाकण्याआधी

दादाभन्ते गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात पापडाच्या पिठात होते. संजूनं, माझ्या धाकट्या भावानं, "ताई, दादाभन्ते..." एवढंच म्हटलं आणि मी घाईघाईनं म्हणाले, "थांब, हात धुऊन येते." फोन स्पीकरवर होता, हातांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरी मी बेसिनपाशी उभी राहून हात धूत राहिले, नखांतलं पीठ काढत राहिले. एरवी स्वतःच्या नखांकडे वर्षानुवर्षं न बघणारी मी... बातमी अर्धी असेतो माणूस अर्धा तरी जिवंत असतो, असा काहीतरी हिशेब तेव्हा डोक्यात असावा. गणितात मी शाळेपासूनच कच्ची.

त्याला आता दीड-दोन महिने झाले. दादाभन्ते म्हणजे माझ्या मोठ्या काकांचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आणि नऊ वर्षांचा असल्यापासून अंगावर भिक्खूचं चीवर. नुसतं दादा म्हणावं तर चीवराचा मान जायचा, नुसतं भन्ते म्हणावं तर त्यांच्या आईचा, आमच्या मोठ्या आईचा, चेहरा उतरायचा. म्हणून घरानं हा मधला मार्ग काढला. सोलापुरात गिरणीच्या जुन्या चाळींमागच्या वस्तीत त्यांचं छोटं विहार होतं. पत्र्याचा हॉल, दोन खोल्या, मागं कडुनिंब. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर व्हायचं. वस्तीतली, आसपासच्या खेड्यांतली मुलं डोकं भादरून, चीवर नेसून भिक्खूंसारखी राहायची, वंदना पाठ करायची, आणि शेवटच्या दिवशी चीवर उतरवून घरी गेली की तासाभरात गल्लीत क्रिकेटवरून एकमेकांची गचांडी धरायची.

आमच्या घराण्यात भित्रेपणाचा मान माझा. मी लिफ्टमध्ये एकटी जात नाही, कुकरची तिसरी शिट्टी होईस्तोवर स्वयंपाकघराबाहेर उभी राहते, आणि माझा नवरा मला 'वाघीण' म्हणतो तेव्हा मुलं हसतात. पण माझ्याहूनही घाबरट माणूस होता तो म्हणजे दादाभन्ते. शिबिराची मुलं झोपायची त्या खोलीची आतली कडी त्यांनी उपटून टाकली होती. पाहुणे भिक्खू आले, कितीही मोठे असोत, त्यांची झोपायची सोय हॉलच्या दुसऱ्या टोकाला. थकल्या भिक्खूचे पाय चेपायला पोरांना पाठवायची पद्धत त्यांनी बंद केली, आणि चेपायचेच असतील तर स्वतः जाऊन बसले. स्वतः मुलांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर चटई टाकून झोपायचे. विहार समितीच्या अध्यक्षकाकांनी एकदा माझ्यादेखत विचारलं, "भन्ते, तुमी अभयावर प्रवचन देता आन् सोता दारात राखण बसता. चोर येणार हाय काय हितं?"

"चोराला कशाला भिऊ? त्याला न्यायला हितं काय हाय?"

"मग?"

"झोपू द्या की. वारा येतो."

मे महिन्यात, सोलापुरात वारा! काकांची दुसरी तक्रार जास्त गंभीर होती. श्रामणेरानं दुपारनंतर जेवायचं नसतं, आणि दादाभन्ते दिवेलागणीला बारक्या पोरांना वरणभात वाढायचे. "चीवर घालून पोरं रातचं जेवतात. लोक काय म्हणतील, भन्ते?" दादाभन्ते शांतपणे म्हणाले, "लोकांनाबी वाढा." वस्तीत त्यांना 'भित्रे भन्ते' नाव पडलं ते असं. त्यांनाही ते ठाऊक होतं. कुणी त्यांच्या तोंडावर म्हटलं तर ते कौतुक झाल्यासारखे हसायचे.

तीन वर्षांपूर्वी त्या शिबिरात माझा भाचा सुमेध होता, संजूचा मुलगा. तेव्हा अकरा वर्षांचा. संजू टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, त्याची बायको वैशाली जवळच्याच वळसंग गावची. सुमेध म्हणजे कुरकुरीचा कारखाना. डाळ पातळ आहे, पंखा आवाज करतो, आत्या माझ्या गालाला हात लावते आणि तिच्या हाताला कांद्याचा वास येतो... पण वंदना म्हणायला लागला की सगळा हॉल गप्प व्हायचा, असा गळा. त्या वर्षी दूरच्या, दोन राज्यांपलीकडच्या एका मोठ्या विहाराचे भिक्खू पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी त्याला ऐकलं आणि संजूला म्हणाले, हा मुलगा आमच्याकडे द्या, शिक्षण, राहणं, इंग्रजी, संगणक, सगळं तिथंच होईल, मोठा भिक्खू होईल. संजूची छाती फुगली. दादाभन्ते नको म्हणाले. "दहा दिवसांचं मागितलं, तुमी दिलं. दहा वर्षांचं देऊ नका."

वैशाली तशी मोठ्यांपुढं बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. "भन्ते, तुमी सोता लहानपणीच गेलाव की. तुमचं काय वाईट झालं?"

दादाभन्त्यांच्या हातात चहाचा ग्लास होता. त्यांनी तो खाली ठेवला. मग म्हणाले, "आपल्याला न विचारता नातवाला नेलं म्हणून बुद्धांचे वडील रडले, तवापासून आईबापाची परवानगी लागते. ती तुमी द्याल. पोराची परवानगी कुणी घ्यायची?" ती लगेच घेण्यात आली. सुमेधला विचारलं, जातोस का? तो म्हणाला, "रेल्वेनं जायचं? हो." अकरा वर्षांच्या पोराचा होकार! माझ्या मुलानं त्या वयात ध्रुवावर जायलाही दिला असता, डबा मिळणार असेल तर.

पहिले काही रविवार फोन बरे आले. तिथल्या ऑफिसातून, स्पीकरवर. डाळ पातळ आहे, अंथरूण टोचतं, शेजारचा घोरतो. वैशाली रडायची आणि संजू हसायचा. मग हळूहळू डाळ बंद झाली, अंथरूण बंद झालं. एका रविवारी मी त्यांच्याच घरी होते. पलीकडून आवाज आला, "सगळं मंगल आहे. आपण कसे आहात?" स्वतःच्या आईला 'आपण'. वैशालीचा चेहरा उजळला. "ऐकलाव ताई? केवढं वळण लागलं!" मी मात्र संजूला म्हटलं, अरे, हा सुमेध वाटत नाही. तर तो म्हणाला, "ताई, तू लिफ्टलापण भितीस." माझ्या भीतीची घरातली किंमत मीच इतकी घालवून ठेवली होती की खरी भीती आली तेव्हा ती खपेना.

मी रिक्षा करून विहारात गेले. दादाभन्त्यांना तेव्हा साखरेचा त्रास सुरू झाला होता, पायाला जखम होती, ते पट्टी बदलत बसले होते. मी नमस्कार केला, लांब बसले, आणि काय सांगायचं तेच सुचेना. पुरावा काही नव्हता. शेवटी मी म्हणाले, "दादाभन्ते, तो डाळीबद्दल काही बोलत नाही."

त्यांनी वर बघितलं. "कधीपासून?"

"महिना झाला असेल."

पट्टी अर्धी गुंडाळलेली तशीच राहिली. "संजूला सांग तिकिटं काढ म्हणून. तिकडं कळवू नको, येतोय म्हणून."

आम्ही चौघं निघालो. वैशालीला आम्ही 'भेटून येऊ' एवढंच सांगितलं होतं. तिनं कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचा डबा मांडीवर धरला होता, पिशवीत ठेवायलाही तयार नव्हती. दुपारची वेळ, गाडी माळरानातून चाललेली. दादाभन्ते खिडकीबाहेर बघत एकाएकी सांगायला लागले. त्यांना लहानपणी विहारात नेलं त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांचे आईवडील भेटायला आले होते. "मी ठरवून ठेवलं होतं... आई आली की तिचं लुगडं धरायचं आन् सोडायचं न्हाई. सगळं सांगायचं. आई आली. मला चीवरात बघितलं आन् वाकली. आबाबी वाकले. मला त्यांची डोकी दिसत होती, तोंडं न्हाई. बाजूला आमचे गुरुजी उभे. वाकलेल्याला आशीर्वाद द्यायचा असतो, तसं शिकवलेलं. मी तेवढं म्हटलं. आई रडत उठली, म्हणाली, माझं लेकरू पावन झालं... आन् गेली."

"काय सांगायचं होतं, दादा?" मी विचारलं. भन्ते म्हणायचं मी विसरले.

"ते राहू दे." त्यांनी पायावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाले, "मोठेपणी चीवर उतरवता आलं असतं. लोक विचारायचे, का न्हाई उतरवलं. भिक्खूला श्रामणेरापुढं वाकावं लागत न्हाई. पोराच्या तोंडाकडं बघता येतं. तेवढ्यासाठी ठेवलं."

मी तेव्हा सहा वर्षांची होते, त्यांचे आईवडील परत आले तो दिवस मला आठवतो. मोठ्या आईनं सगळ्या गल्लीला साखर वाटली होती. मीही दोनदा हात पुढं केला होता.

वैशाली एकदम म्हणाली, "मी न्हाय वाकणार."

"वाकाल," दादाभन्ते म्हणाले. "गुडघ्यांना सवय असते."

ते विहार फार सुंदर होतं. पांढऱ्या भिंती, कापलेली हिरवळ, फुलांच्या कुंड्या. एवढी मुलं तिथं राहात होती आणि कुठं चिंधी नाही, भिंतीवर रेघ नाही, आवाज नाही. मी शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. मुलं असलेल्या इमारतीचा आवाज मला पाठ आहे. तो नव्हता. हॉलमध्ये प्रमुख भिक्खू उंच आसनावर बसले होते. सुमेधला बोलावलं. तो आला तो खाली बघत, चीवराच्या घडीत हात लपवून, इतका हडकलेला की कान मोठे दिसत होते. आणि वैशाली, गाडीत शपथ घेतलेली वैशाली, झपकन वाकली. संजू वाकला. मीही वाकले, माझे गुडघे एरवी बाथरूममध्ये पडलेला साबण उचलायला तयार नसतात, ते त्या दिवशी न सांगता वाकले. जमिनीवरून मला त्याचे पाय दिसले. तो जरा हलला तेव्हा पोटरीवर एक काळानिळा वळ दिसला, आणि लगेच चीवराचा काठ त्याच्यावर आला. वरून पोराचा आवाज आला, गोड, सपाट, कुठलाच सूर नसलेला, "भवतु सब्ब मंगलं..."

उभे फक्त दादाभन्ते होते. प्रमुखांनी हिंदीत त्यांना बसायला सांगितलं. दादाभन्ते नम्रपणे म्हणाले, "तुमचे वर्षावास किती झाले, भन्ते?" भिक्खूंमध्ये वय, शिक्षण, विहाराचा थाट यातलं काही चालत नाही, दीक्षेनंतर किती पावसाळे एका जागी राहून काढले ते बघतात, आणि ज्याचे कमी त्यानं ज्याचे जास्त त्याच्यापुढं वाकायचं. त्यांनी आपले सांगितले. दादाभन्त्यांनी आपले सांगितले. ते जास्त निघाले. मग ते प्रमुख उंच आसनावरून उतरले, आणि सगळ्या मुलांसमोर, झिजक्या चपला आणि पट्टी बांधलेला पाय घेऊन आलेल्या आमच्या भित्र्या भन्त्यांपुढं वाकले. ते वाकलेले असताना दादाभन्ते त्यांच्या पाठीवरून सुमेधकडं बघत होते. थेट तोंडाकडं.

"चल, त्या झाडाखाली बसू."

प्रमुख उठत म्हणाले, इथंच बोला ना. दादाभन्ते म्हणाले, "तुम्हाला दिसेल असंच बसतो. ऐकू येणार नाही एवढंच लांब."

ते दोघं अंगणातल्या झाडाच्या पारावर बसले, मध्ये हातभर अंतर ठेवून. आम्ही हॉलच्या पायऱ्यांवर. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. सुमेध काही बोलतच नव्हता. दादाभन्तेही काही विचारताना दिसत नव्हते, पायाच्या अंगठ्यानं एक वाळलेलं पान हलवत होते. माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलं. हा 'सगळं मंगल आहे' म्हणाला तर? मग कुठल्या तोंडानं न्यायचं? आणि ठेवून गेलो तर आम्ही गेल्यावर त्याला कोण काय विचारेल? प्रमुख आमच्या मागं उभे होते, त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. वैशालीची नखं माझ्या मनगटात रुतली होती... आणि मग पोराचं तोंड उघडलं. उघडलं ते मिटेचना. हात चीवरातून बाहेर आले, त्यानं तळवे दाखवले, पोटरी दाखवली, बोलता बोलता मागं वळून बघितलं, पुन्हा बोलला. दादाभन्त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही, जवळ घेतलं नाही. फक्त ऐकत राहिले. शेवटी सुमेधनं बोट केलं ते वैशालीच्या मांडीवरच्या डब्याकडं.

दुपार केव्हाच टळली होती. तरी तो तिथंच, चीवरात, सगळ्यांसमोर जेवला. चव कशी आहे ते बोलला नाही. दोन्ही हातांनी, कुणीतरी डबा ओढून नेईल असा जेवला. त्यानं दादाभन्त्यांना काय सांगितलं त्यातलं थोडं आम्हाला नंतर कळलं. पहाटेच्या पाठाला डुलकी लागली की वेत, संध्याकाळची भूक, ताप आला तेव्हा कोंडून ठेवलेली खोली. सगळं अजूनही कळलेलं नाही, आणि मी विचारत नाही. तो सांगेल तेव्हा मी असेन, एवढीच तयारी करून ठेवलीय.

प्रमुख म्हणाले, वर्षावास संपल्यावर न्या. दादाभन्ते म्हणाले, "आत्ता." त्यांनी सुमेधकडून चीवराची नीट घडी करून घेतली, दोन्ही हातांनी परत द्यायला लावली. "चीवराचा काही दोष न्हाई," म्हणाले. पोराचे आपले कपडे सापडेनात, तेव्हा संजूनं पिशवीतला स्वतःचा शर्ट काढून दिला, तो गुडघ्यापर्यंत आला. फाटकाशी मी मागं वळले. वरच्या गॅलरीत मुलं एका रांगेत उभी होती. हात कुणी हलवत नव्हतं. वैशालीनं विचारलं, "ही कुणाची हो, भन्ते?"

"कुणाची तरी," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत सुमेध झोपला, आणि मला वाटलं भीती संपली. दादाभन्त्यांची तिथून सुरू झाली. त्यांनी त्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडं तक्रार केली, चौकशीला स्वतः पुन्हा गेले, दुखरा पाय घेऊन, एकदा नव्हे. काही मुलं आपापल्या घरी गेली. बाकीच्यांचं काय झालं, आम्हाला कळलं नाही, आणि ते न कळणं त्यांना शेवटपर्यंत पुरलं. इतर विहारांची आमंत्रणं थांबली. धम्माची बदनामी करतात असं लोक म्हणायला लागले. अध्यक्षकाका बिचारे कळवळून म्हणाले, "भन्ते, सगळेच काय तसे नसतात. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सगळे तसे नसतात, खरंय. पण त्या मुठीत पोराचं बोट अडकलंय, काका."

पुढच्या खेपेचं तिकीट काकांनीच काढलं आणि सोबत तेच गेले.

त्यानंतरच्या शिबिरापासून दादाभन्त्यांनी आमच्या विहारात एक नवीच चाल पाडली. रविवारी आईबाप भेटायला आले की पोरासमोर लगेच वाकायचं नाही. आधी त्याच्या बरोबरीनं खाली बसायचं, त्याच्या तोंडाकडं बघायचं, बोलायचं, आणि मग वंदन. जुन्या लोकांना हा चीवराचा अपमान वाटला. दादाभन्ते वाद घालायचे नाहीत. वाकायला निघालेल्या माणसाचा दंड धरून त्याला खाली बसवायचे. सुमेधची कुरकुर परत यायला बरेच महिने लागले. त्या काळात ते दर आठवड्याला संजूच्या घरी जायचे, आणि फक्त "आज डाळ कशी होती रे?" एवढंच विचारायचे.

शेवटचे भेटले ते इस्पितळात. चेहरा सुजलेला, आवाज खोल गेलेला. मी नेहमीसारखी पलंगापासून लांब उभी. म्हणाले, "भीती वाटते गं." मला वाटलं मरणाची. मी काहीतरी अनित्यतेबद्दल बोलायला लागले. मला त्यातलं किती कळतं ते त्यांना माहीत होतं, त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "तसली न्हाई. यंदा शिबिर होईल की... लोक लगेच वाकतील."

अंत्यदर्शनाला मोठी रांग होती, सगळे वाकत होते. सुमेध पायांशी गेलाच नाही, उशाशी जाऊन उभा राहिला. कुणीतरी दटावलं, नमस्कार कर की बाळा. तो म्हणाला, "करतो. आधी बघू द्या."

आता विहारात नवे भन्ते आलेत. तरुण आहेत, मृदू बोलतात, मुलांना त्यांचा लळा लागलाय. त्यांच्याविरुद्ध माझ्याकडं काहीही नाही. भीतीला काही लागतच नाही, हीच तर पंचाईत. शिबिर सुरू झाल्यापासून मला नीट झोप नव्हती. गेल्या रविवारी मी आणि वैशाली सकाळीच जाऊन बसलो. ती लोकांना पाणी देत होती, मी उगीच सतरंज्या सरळ करत होते. एका खेड्यातून एक बाप आला होता, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्याचं आठेक वर्षांचं पोरगं चीवरात समोर आलं, तसे त्याचे डोळे भरले, हात जुळले, गुडघे वाकायला लागले. नवे भन्ते शेजारीच उभे होते.

वैशालीनं पाण्याचा जग खाली ठेवला. "ओ दादा, आदी बसा की."

तो गडबडला. "चीवर हाय, ताई."

"चीवर कुटं पळून जात न्हाय. तोंड बघा त्येचं."

त्यानं नव्या भन्त्यांकडं बघितलं. भन्त्यांनी वैशालीकडं बघितलं. मला वाटलं आता ते म्हणतील, ही रीत नाही... ते बाजूला सरकले, सरकत सरकत भिंतीपर्यंत गेले आणि म्हणाले, "बसा." बाप मांडी घालून अवघडून बसला. पोरानं एकदा भन्त्यांकडं बघितलं, ते लांब होते. मग बापाकडं. आणि सुरू झालं, "पप्पा, डोस्कं लई भाजतंय. ह्यो शेजारचा झोपेत लाथा मारतोय. ताक आंबट हाय. मच्छर हायत. आन् माजी चड्डी कुणीतरी घातलीय..."

हॉल हसला. भन्तेही हसले. बाप हसला नाही, एकेक तक्रार मान हलवत ऐकत राहिला. मीही ऐकत होते. दुसऱ्याच्या पोराची रडगाणी मी इतकी पोटभर कधी ऐकली नव्हती. सांगून सांगून पोराचं सगळं संपलं, तेव्हा बाप उठला, शर्टाची घडी झटकली, आणि वाकला. पोरगं घाईघाईनं आशीर्वाद म्हणायला लागलं. बाप तसाच वाकलेला होता, पण मान त्यानं वर धरली होती.